हातभर उंचीचं ब्रॉन्झ आणि दरबारी शिल्पकार: 'जांबोलोन्या' म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

मेणसाचा (धागाकर्ता)

युरोपातल्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये फ्लॉरेन्सचा शिल्पकार जांबोलोन्या याच्या एकाच रचनेखाली चार वेगवेगळ्या ओळी दिसतात: 'जांबोलोन्या', 'जांबोलोन्याच्या मॉडेलवरून अंतोनियो सुसिनीने ओतलेलं', 'जांबोलोन्याची कार्यशाळा', आणि नुसतं 'जांबोलोन्यावरून'. शिल्प वरवर पाहता तेच असतं, किमतीत मात्र जमीनअस्मानाचा फरक. हा फरक कशावर ठरतो, ते एकच उदाहरण धरून बोलू.

उदाहरण: 'नेसस आणि डेयानिरा'. नदी पार करून देतो म्हणून हर्क्युलिसच्या बायकोला, डेयानिराला, पाठीवर घेणारा आणि मग तिला पळवणारा सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) म्हणजे नेसस. उंची साधारण ४० सेंमीच्या वर थोडी. अभ्यासक या रचनेचे तीन प्रकार मानतात. पहिल्या प्रकाराच्या सही असलेल्या प्रती पॅरिसच्या लूव्रमध्ये, ड्रेस्डेनला आणि कॅलिफोर्नियात हंटिंग्टन संग्रहालयाकडे आहेत. सहीविना प्रती कितीतरी, आणि गोंधळ त्यांचाच आहे.

जांबोलोन्या (१५२९–१६०८) जन्माने फ्लेमिश, दुएचा. रोम बघून परतताना फ्लॉरेन्सला थांबला तो कायमचा. तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या पदरी राहिला. त्याची लहान ब्रॉन्झं म्हणजे त्या दरबाराचा परराष्ट्र खात्याचा खर्चच म्हणा ना: १५८७ साली जर्मनीतल्या सॅक्सनीच्या इलेक्टर (राज्यकर्ता) ख्रिश्चन पहिल्याला गेलेल्या भेटीत मर्क्युरी, नेसस-डेयानिरा आणि निजलेली अप्सरा व सेटर (बोकडाच्या पायांचा वनदेव) होते. त्याच वेळी 'मार्स' शिल्पकाराने स्वतःच्या वतीने दिला. १६१२ च्या सुमारास इंग्लंडच्या युवराज हेन्रीला अशीच पेटी गेली. त्यातली ब्रॉन्झं जांबोलोन्याच्या मॉडेलांवरून पिएत्रो ताक्काने ओतलेली होती. तोवर जांबोलोन्या जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. खरी गोम इथेच आहे. 'दरबारी शिल्पकाराचं' या शब्दाखाली नेमकं काय येतं?

---

कल्हईवाला

एका ब्रॉन्झमध्ये निदान तीन हात असतात. एक मॉडेल करणारा, दुसरा मेण भरून ओतणारा, आणि तिसरा ओत थंड झाल्यावर छिन्नी-कानस घेऊन बसणारा. जांबोलोन्या पहिल्या कामाचा बादशहा. पुढची दोन तो बहुतेक वेळा इतरांकडे सोपवायचा. त्यामुळे 'हे जांबोलोन्याचं आहे का?' या प्रश्नाला उत्तरच नसतं. मॉडेल त्याचं आहे का, ओत त्याच्या हयातीतली आहे का, कोरकाम कोणाचं, असे प्रश्न सुटे करून विचारावे लागतात.

माणसं लक्षात ठेवा. अंतोनियो सुसिनी कार्यशाळेतला सर्वांत तयार हात. १६०० मध्ये त्याने व्हिया देई पिलास्त्रीमध्ये स्वतःची भट्टी घातली आणि गुरूची मॉडेलं ओतणं चालूच ठेवलं. तो १६२४ ला वारला, आणि काम पुतण्या जानफ्रांचेस्को सुसिनीकडे गेलं. बोर्गो पिंतीची मूळ कार्यशाळा जांबोलोन्यानंतर पिएत्रो ताक्काकडे, मग १६४० ला मुलगा फेर्दिनांदोकडे, आणि १६८७ ला शिल्पकार फोज्जिनीकडे आली. साचे आणि मॉडेलं वारशाने फिरत राहिली. म्हणजे शंभरेक वर्षं फ्लॉरेन्समध्येच, मेदिचींच्याच आश्रयाने, त्याच रचना ओतल्या जात होत्या. यातलं एकही काम 'नकली' नाही. पण सगळी एका ओळीत बसवता येत नाहीत.

---

पाणवठा

मग सही असली की प्रश्न मिटला का?

---

मेणसाचा

@पाणवठा, सहीने मॉडेलकाराचा प्रश्न मिटतो, ओतणाऱ्याचा नाही. सही असलेल्या नेससच्या कपाळपट्टीवर लॅटिन अक्षरांत जांबोलोन्याचं नाव आहे. पाहायचं ते हे: अक्षरं मेणात कोरली आहेत की धातूत? मेणात कोरलेल्या अक्षराच्या कडा किंचित गोल असतात. खाचेच्या तळाला ओतीचीच खरखरीत कातडी आणि वरची रंगछटा सलग दिसते. धातूवर छिन्नीने पाडलेल्या अक्षराच्या कडेला उचललेला चुरा राहतो किंवा तो घासून सपाट केलेला असतो, आणि खाच व्ही आकाराची, तळाशी चकचकीत. धातूत कोरलेली सही खोटीच असते असं नाही, ओत थंड झाल्यावरच्या कामात ती घालायची पद्धत होतीच. पण ती खाच जर जुन्या रंगलेपाला कापून जात असेल तर ती नंतरची. दहापट भिंगाखाली तिरका उजेड टाकला की पाच मिनिटांत कळतं.

तिसरी शक्यताही असते. जुन्या सहीच्या प्रतीवरून साचा काढला की सहीसुद्धा ओतली जाते. मग अक्षरं बोथट, बुळबुळीत येतात आणि शेजारचे केसही तितकेच बोथट असतात.

बाकी सुसिनी काका-पुतणे स्वतःच्या कामावर स्वतःची सही करत. रोमच्या बोर्गेझे संग्रहातला 'फार्नेझे बैल' अंतोनियोचा, १६१३ चा. कॅलिफोर्नियातल्या गेटी संग्रहालयातलं हेलनहरण जानफ्रांचेस्कोचं, १६२७ चं. हात ओळखायला शिकायचं तर सुरुवात या सही-तारखेच्या कामांवरून करावी.

---

गाभारा

तपासणीच्या क्रमाबद्दल लिहितो, कारण यात कायमचं नुकसान होऊ शकतं.

पोकळ ब्रॉन्झच्या पोटात माती-प्लास्टरचा गाभा उरलेला असेल तर त्यावर थर्मोल्युमिनेसन्स चाचणी करता येते. गाभ्यातल्या क्वार्ट्झच्या कणांत शेवटच्या भाजणीपासून साठत गेलेला किरणोत्सर्ग मोजतात. एक्स-रे काढला की कणांत बाहेरून मात्रा भरते आणि वय फुगतं. म्हणून आधी गाभ्याचा नमुना, मग एक्स-रे. उलट केलं तर तो गाभा तारखेसाठी बाद झालाच म्हणून समजा. नमुना मंद लाल उजेडात काढायचा, वरचा उजेड लागलेला थर खरवडून टाकायचा, आणि काळ्या डबीत बंद करायचा. थोडेसे मिलिग्रॅम पुरतात. बैठकीखालून किंवा सेंटॉरच्या पोटाच्या भोकातून पोचता आलं तर बरं.

या चाचणीकडून काय मागायचं तेही ओळखून असावं. चूक साधारण २० ते २५ टक्के धरतात. चारशे वर्षांच्या वस्तूवर ती ८० ते १०० वर्षं होते. म्हणजे १६०० ची ओत आणि १८८० ची ओत वेगळ्या काढता येतात. १५८० आणि १६३० वेगळं काढता येत नाही. सुसिनी काका की पुतण्या, हे ही चाचणी सांगूच शकत नाही. शिवाय नंतर कधी डाग देऊन दुरुस्ती झाली असेल किंवा वस्तू आगीतून गेली असेल, तर त्या भागातलं घड्याळ पुन्हा शून्यावरून सुरू होतं. गाभ्यात नुसतं प्लास्टर असेल, क्वार्ट्झ नसेल, तर हाती काहीच लागत नाही.

मग एक्स-रे. ब्रॉन्झसाठी दवाखान्यातलं यंत्र चालत नाही, २००–३०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) औद्योगिक नळ्या लागतात. दोन काटकोनी बाजूंनी घ्यायचे, नाहीतर नेससचा पुढचा आणि मागचा पाय एकमेकांवर पडून काहीच उमगत नाही.

---

कल्हईवाला

@गाभारा, एक्स-रेमध्ये काय शोधायचं तेही लिहा, नाहीतर लोक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत बसतात.

---

गाभारा

आधी पद्धत ओळखायची. जांबोलोन्याच्या कार्यशाळेत अप्रत्यक्ष ओतकाम चाले. मूळ मॉडेलवरून प्लास्टरचा तुकड्यातुकड्यांचा साचा, त्यात आतून मेणाचा पातळ थर, मग गाभा ओतून भरायचा. मेणाचे भाग सुटे काढून जोडायचे. मूळ मॉडेल शाबूत राहतं, म्हणून दुसरी, तिसरी, दहावी प्रत निघते. एक्स-रेत याची खूण म्हणजे भिंतीची एकसारखी जाडी, लहान ब्रॉन्झमध्ये काही मिलिमीटर. आतली रेघ बाहेरच्या आकाराबरोबर वळत जाते. मांडीवर, दंडावर, मानेशी जोडाची आडवी कड दिसते: मेणाला मेण चिकटवताना आत ओघळलेलं मेण धातूत जसंच्या तसं उतरतं. ओघळाचे थेंबसुद्धा दिसतात.

गाभा जागेवर ठेवायला लोखंडी पिना टोचलेल्या असत. ओतल्यावर त्या काढून भोकं बुजवली जात. फ्लॉरेन्सच्या चांगल्या कामात ती आटे पाडलेल्या ब्रॉन्झच्या खुंट्यांनी बुजवलेली सापडतात. एक्स-रेत आट्याचे दाते स्पष्ट येतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही, इतकं ते सफाईने घासलेलं असतं. पण आट्याची खुंटी दिसली म्हणून 'सुसिनी!' असं ओरडू नये. ती युक्ती इतरांनाही ठाऊक होती.

एकोणिसाव्या शतकातली वाळूच्या साच्यातली ओत वेगळी दिसते. हातपाय सुटे ओतून धातूतच बसवलेले असतात. सांध्याच्या आत खुंटी-खोबणी, आडवी पिन किंवा डागाची पांढरी रेघ दिसते. भिंत फार एकसारखी, यंत्रासारखी. गाभ्याच्या आतल्या सळ्या सरळ आणि जाड.

नेसस-डेयानिरासारख्या जोडशिल्पात एक जागा खास पाहायची: डेयानिराची पाठ आणि घोड्याची पाठ टेकतात तिथे. जोड मेणात झालाय की धातूत? मेणात असेल तर धातू सलग वाहिलेला दिसतो.

---

दांडेकाठी

सगळं खरं, पण यंत्रं लावायच्या आधी डोळे लावा की राव. कोरकामाबद्दल अजून कोणी बोललंच नाही.

सुसिनीचा हात म्हणजे शिस्त. केस समांतर रेघांचे, प्रत्येक बट सुरुवातीपासून टोकापर्यंत खणलेली, मध्येच विरत नाही. बुबुळं कोरलेली, पापणीची कड धारदार. नखं प्रत्येक बोटावर, पायाच्या करंगळीवरसुद्धा. कापडाच्या घड्या सुरीने कापल्यासारख्या सपाट पैलूंच्या. सेंटॉरच्या खुराच्या वरची केसांची झालर पाहा. ती चांगल्या प्रतीत प्रत्येक पायावर वेगळी केलेली असते, हलक्या प्रतीत चारही पायांवर तोच ठसा. शेपटी आणि मागच्या पायांमधली जागा पाहा. छिन्नी तिथे पोचतच नाही, म्हणून आळशी कारागीर तिथे ओतीची कातडी तशीच सोडतो. चांगला कारागीर वाकडी कानस करून तिथे जातो.

यात उलटाही धोका आहे. जास्त नेटकं म्हणजे जास्त अस्सल असं नव्हे. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच ओतारीही फार नेटके होते. त्यांचा नेटकेपणा सगळीकडे सारख्याच जोराचा असतो. आकार कुठे वळतोय त्याची फिकीर नसते.

---

मेणसाचा

@दांडेकाठी, सहमत. रंगलेपाचंही लिहा, तो तुमचाच प्रांत.

---

दांडेकाठी

फ्लॉरेन्सच्या या ब्रॉन्झांवर तांबूस-सोनेरी पारदर्शक लाखेचा लेप असे. उंचवट्यावर, म्हणजे गुडघे, कोपर, नितंब, स्तनाग्र इथे, तो हाताळून झिजतो आणि खालचा तपकिरी धातू दिसतो. खळग्यांत तो जाड आणि गडद राहतो. झीज कुठे आहे ते तर्काला पटलं पाहिजे. शिल्प उचलताना माणूस सेंटॉरच्या पोटाखाली किंवा मागच्या पायाला धरतो, तेव्हा तिथे झीज असायलाच हवी. हात कधी लागणारच नाही अशा खोलगट जागी चकचकीत 'झीज' असेल तर ती कापडाने घासून केलेली. लेप पूर्ण काळा, अपारदर्शक असेल तर बहुधा वरून नंतर चढवलेला आहे. पण एवढ्यावरून खालचं ब्रॉन्झ बाद करू नये. जुन्या वस्तूंवर वेळोवेळी नवे लेप चढतच आलेत.

---

वेधक

मोजमापाचा मुद्दा राहिला. तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी.

धातू थंड होताना आक्रसतो, साधारण दीड टक्का. मेणही एखादा टक्का आक्रसतं. मूळ साच्यातून निघालेल्या सगळ्या प्रतींत ही घट सारखीच, म्हणून त्या एकमेकींशी जुळतात. पण कोणी तयार ब्रॉन्झवरून नवा साचा काढला तर घट दुसऱ्यांदा होते. मूळ प्रतीत दोन बिंदूंत १०० मिमी अंतर असेल तर नकलेत ९७.५ च्या आसपास येतं. ४२० मिमी उंचीवर तो फरक सेंटिमीटरभर होतो.

मात्र एकूण उंची मोजून तुलना करू नका. बैठक बदललेली असते, आणि मेणाचे भाग जोडताना हात-मान थोड्या वेगळ्या कोनात बसतात. म्हणून एकाच मेणाच्या तुकड्यातले बिंदू धरा: नेससच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडी, बेंबीपासून छातीच्या खळगीपर्यंत, घोड्याच्या गुडघ्यापासून खुराच्या वरच्या कडेपर्यंत. सात-आठ अंतरं घ्या, व्हर्नियरने प्रत्येक तीनदा. सगळी अंतरं सारख्याच टक्क्याने कमी येत असतील तर ती नक्कल. काही जुळतात, काही नाही, असं असेल तर कोरकामाने किंवा जोडणीने फरक पडलाय. संग्रहालयांकडे आता त्रिमिती स्कॅन असतात. ते मिळाले तर दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसवून रंगीत नकाशाच काढता येतो.

आणि हे मोजमाप एकाच दिशेने कामाचं आहे. आकार लहान निघाला तर 'मूळ साच्यातलं नव्हे' हे कळतं. आकार बरोब्बर जुळला तर फक्त 'त्याच साच्यातलं' एवढंच कळतं. आणि तो साचा, वर कल्हईवाल्यांनी लिहिलंय तसा, पुढेही वापरात होता.

---

पाणवठा

धातूचं पृथक्करण? एक्सआरएफची पिस्तुलं (एक्स-रे टाकून धातूत काय काय आहे ते मोजणारी हातातली यंत्रं) आता बऱ्याच ठिकाणी दिसतात.

---

गाभारा

दिसतात, म्हणूनच सर्वांत जास्त घोळ तिथे होतो. ते पिस्तूल वरचा मिलिमीटरचा काही अंशच वाचतं. लाख, मेण, धूळ, जुनं सोनेरी पाणी सगळं त्यात मिसळतं. बैठकीच्या आतल्या बाजूला दोन-तीन मिमीचा ठिपका स्वच्छ धातूपर्यंत खरवडायचा आणि तिथे मोजायचं. एका ठिकाणी भागत नाही. शिसं धातूत नीट विरघळत नाही, गोळ्या होऊन बसतं, म्हणून निदान तीन-चार जागी घ्या. नेसस आणि डेयानिरा वेगवेगळ्या मोजा. दोघांची मिश्रणं वेगळी निघाली तर दोन ओती झाल्यात, आणि मग का, हा प्रश्न उभा राहतो.

अर्थ लावताना दोन गोष्टी भरवशाच्या. जस्त तीस टक्क्यांच्या बरंच वर असेल तर ते जुन्या पद्धतीचं पितळ नाही. जुन्या पद्धतीत तांब्यात जस्ताचं खनिज भाजून मुरवत, आणि त्याला तेवढीच मर्यादा होती. दुसरं, तांबं फारच शुद्ध असेल, अँटिमनी, आर्सेनिक, निकेल, चांदी यांचा मागमूस नसेल, तर ते विजेने शुद्ध केलेलं, म्हणजे १८६० नंतरचं. याउलट, 'कथील अमुक टक्के म्हणून सुसिनी' असं कोणी लिहिलं तर पुढे वाचू नका. भट्टीत मोडही टाकत. एकाच कारखान्याच्या दोन ओती जुळतीलच असं नाही.

---

खंडेरायाची_वाट

अवांतर: मधुच्छिष्ट विधान, म्हणजे मेण वितळवून ओतायची पद्धत, आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त बाराव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. मेण तोलून त्यावरून धातू किती लागेल ते काढायचं गणितही त्यात आहे. फ्लॉरेन्सच्या ओताऱ्यालाही हाच हिशेब करावा लागे. ब्रॉन्झ मेणाच्या साधारण नऊपट जड, त्यात नळ्यांचं वजन धरायचं. धातू कमी पडला की ओत अपुरी राहते, आणि मग खालून तुकडा ओतून भरलेला एक्स-रेत दिसतो.

---

मेणसाचा

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. भरलेला तुकडा दिसला की लोक 'नंतरची दुरुस्ती' म्हणतात. पण ती पहिल्याच दिवशीची दुरुस्ती असू शकते. तुकड्याचं मिश्रण आणि वरचा लेप मूळ भागाशी सलग असेल तर तीच शक्यता जास्त.

---

कल्हईवाला

कागदपत्रांचं राहिलं. जुन्या याद्यांमध्ये 'सेंटॉर आणि स्त्री, ब्रॉन्झ' एवढंच असतं. नेसस-डेयानिरा की लग्नमंडपातून नवरी पळवणारा दुसरा सेंटॉर युरिटियन, हे यादी करणाऱ्या कारकुनाला माहीत असेलच असं नाही. कलाकारालाही त्याची फारशी पडलेली नसे. १५७९ च्या जूनमध्ये जांबोलोन्याने पार्म्याच्या ड्यूक ओत्ताव्हियो फार्नेझेला लिहिलेलं पत्र आहे. त्यात पाठवलेल्या दोन आकृतींच्या गटाबद्दल तो म्हणतो की हे हेलनचं हरण समजा, प्रोसर्पिनाचं समजा किंवा सॅबाइन स्त्रीचं. खरा हेतू कौशल्य दाखवायचा. तेव्हा नावावरून यादी जुळवू नका, उंची आणि आकृतींची संख्या यावरून जुळवा.

खूण म्हणून सर्वांत पक्की वस्तू म्हणजे फ्रेंच राजसंग्रहाचा क्रमांक. चौदाव्या लुईच्या ब्रॉन्झांवर यादीतला क्रमांक छिन्नीने कोरलेला असतो. यादीतलं वर्णन, उंची आणि कोरलेला आकडा तिन्ही जुळले तर सतराव्या शतकाअखेरपर्यंतचा माग हाती येतो. कोरलेला आकडा खोटाही पाडता येतो, म्हणून सहीची तपासणी इथेही तशीच करायची. माग लागला की काय होतं ते ड्रेस्डेनच्या 'मार्स'वर दिसलं. १५८७ पासूनचा इतिहास ठाऊक असलेली ती प्रत विसाव्या शतकात खाजगी हातांत गेली होती. २०१८ मध्ये लंडनच्या लिलावातून मागे घेऊन ड्रेस्डेनला परत आणली.

---

वेधक

तुलनेसाठी आद्रियान द फ्रीस घ्या. तो जांबोलोन्याच्याच कार्यशाळेत तयार झाला, पुढे प्रागला रुडॉल्फ दुसऱ्याच्या दरबारी शिल्पकार. हा गडी बहुतेक वेळा थेट मेणावरच काम करून ओतायचा, मूळ मेण त्यातच जायचं. म्हणजे प्रत एकच. त्याच्याबाबत 'दुसरी हुबेहूब प्रत सापडली' हीच संशयाची खूण. एक्स-रेत भिंत कमीजास्त, गाभा ओबडधोबड. वरचं बोटांचं, कोरणीचं मऊ काम तसंच सोडलेलं, छिन्नी फार चालवलेली नाही. गुरूच्या आरोपणाचे निकष शिष्याला लावले तर त्याचं अस्सल काम 'अपुरं कोरलेलं' म्हणून बाद होईल.

---

पाणवठा

एवढं सगळं झालं आणि धरा की गाभा १५५०–१७५० दाखवतोय, मोजमाप लूव्रच्या प्रतीशी जुळतंय, जोड मेणात, कोरकाम शिस्तीचं पण सही नाही, कागद नाही. पाटीवर काय लिहायचं?

---

कल्हईवाला

'जांबोलोन्याच्या मॉडेलवरून, फ्लॉरेन्स, सोळाव्या शतकाचा शेवट ते सतराव्या शतकाचा पूर्वार्ध'. 'सुसिनी' हे नाव लिहायचं तर सही-तारखेच्या त्याच्या दोन कामांशी कोरकामाची जागा-जागा जुळवणी दाखवा: तोच केसांचा फिरवा, तीच पापणी, तीच नखं, सारख्याच वाढवलेल्या फोटोंत. ते जमलं तर 'अंतोनियो सुसिनीचं मानलेलं'. आणि पुतण्या बाद का केला, त्याचं एक वाक्य सोबत हवं. बहुतेक अहवालांत तेवढं एकच वाक्य नसतं.

---

गाभारा

आणि अहवालात खरवडलेल्या ठिपक्यांच्या जागा फोटोसकट नोंदवा, म्हणजे पुढच्याला त्याच जागी मोजता येईल आणि बैठकीला नवी भोकं पडणार नाहीत. एक्स-रे कोणत्या तारखेला, किती केव्हीवर काढला तेही लिहा. उद्या कोणी गाभ्यातून पुन्हा नमुना काढायला निघालं तर त्याला आधी तेच विचारावं लागेल.